कंपाउंडर

तो आला तेव्हा मी घशाच्या गोळ्या मांडत होते.
राखाडी सूट, बोलणं मऊ.
लफ्किनमध्ये मंगळवारी दुपारी दुकानात कुणी नसतं,
बाहेर पाइनची झाडं
आणि पाइनचेच ओंडके नेणारे ट्रक.
त्यानं काउंटरवर कागद ठेवला, पालथा.
म्हणाला, तुमचं नाव कुठेच येणार नाही,
टेक्ससमध्ये तसा कायदाच आहे.

मी कागद सुलटा केला.
औषध ओळखीचं.
मालक ड्वेनची म्हातारी कुत्री
गेल्या साली ह्यानंच झोपवली डॉक्टरांनी.
रोग्याचं नाव : कोरं.
आजार : कोरं.
किती वेळा घ्यायचं :
इथे मात्र कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, एकदा.

माझे वडील मिरजेला डॉक्टर कुरुंदवाडकरांकडे
एकतीस वर्षं कंपाउंडर.
लाल मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची पट्टी डकवायचे,
कात्रीनं दाते पाडून,
एक दाता म्हणजे एक डोस.
खळ आई घरी शिजवायची.
बाटली हातात देताना म्हणायचे, हलवून घ्या.
आणि : संपली की या.

ह्या कागदाला मी काय सांगू,
हलवून घ्या?

आपल्याकडे देहदंड म्हणतात
आणि पोराला लस टोचतात तोही दंडच.
हे त्याला इंग्रजीत सांगता येईना.
म्हटलं, विचार करून कळवते.

शुक्रवारी ओडेल प्रुइट आल्या,
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला.
त्यांचा रँडल पेट्रोल पंपावर गल्ल्याला बसायचा,
वय एकोणीस. गल्ल्यात बासष्ट डॉलर निघाले.
बारा वर्षं झाली.
म्हणाल्या, तारीख लागली बघ.
तो गेला की एक रात्र तरी झोपेन मी.
पाकीट घेताना हात कापत होता
आणि मागच्या खोलीत माझी मुलगी
मोठ्यानं पाढे म्हणत होती.
खरं सांगते, त्या क्षणी क्षमा माझ्याकडे
औषधालासुद्धा नव्हती.
विष म्हणाल तर कपाटभर,
कुठल्याही दुकानात असतं तेवढंच.

मी नकार दिला. त्यात शौर्य काही नाही.
फोनवर म्हटलं, आमच्याकडे ते बनत नाही.
धडधडीत खोटं.
ड्वेन म्हणाला, पैसे बरे होते.
मग त्यानं आठवडाभर माझ्याशी
फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

त्यांनी दुसरीकडून आणलंच.

हंट्सव्हिल इथून दीड तास.
गुरुवारी संध्याकाळी सहाला
मी कुणाच्या तरी मधुमेहाच्या गोळ्या मोजत होते,
पाच-पाच ओढत, पट्टीनं.
नव्वद मोजायच्या होत्या. तीनदा चुकले.
तो माणूस कसा दिसायचा मला माहीत नाही.
पेपरातला फोटो मी मुद्दाम पाहिला नव्हता.
त्याच्या दंडावर काही गोंदलेलं होतं का,
आईचं नाव वगैरे,
आणि शीर शोधणाऱ्यानं ते वाचलं का,
हे मात्र अजून मनात येतं, भांडी घासताना.

महिन्यानं ओडेलबाई आल्या. नवी चिठ्ठी.
झोपेच्या गोळ्या, तीस.
मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या,
काचेपलीकडे होता. आमच्याकडे बघितलं त्यानं,
मग छताकडे.
पुजारी ओठ हलवत होता, आवाज येत नव्हता.
सात वाजता आम्ही पार्किंगमध्ये,
कुणाला काय बोलावं कळेना
आणि मला भूक लागली होती गं,
इतकी भूक, लाज वाटली.

मी लेबल चिकटवलं.
ह्या बाटलीवर नाव होतं, तारीख होती,
रोज रात्री एक.
त्या दाराशी पोचल्या आणि माझ्या तोंडून
मराठीतच गेलं,
संपल्या की या.

त्या वळल्या. काय म्हणालीस?

काही नाही, म्हटलं,
दार ओढून घ्या, एसी चालू आहे.